बेतणं, बसवणं की रूपांतर? (कॉन्सर्टिना, अभिजात संगीत आणि टँगो)

प्रश्न

एका टिपणाचं शीर्षक अडलंय. कॉन्सर्टिना म्हणजे दोन्ही हातांत धरून मधला भाता उघडत-मिटत वाजवायचं बटणांचं वाद्य. त्यासाठी शास्त्रीय आणि टँगोच्या (अर्जेंटिनाकडच्या नृत्यसंगीताच्या) रचना शोधायच्या आणि त्या वाद्यावर वाजतील अशा करून घ्यायच्या, असा विषय आहे. या 'करून घेण्या'ला काय म्हणू? 'रूपांतर' म्हटलं की नाटक आठवतं, 'संयोजन' म्हटलं की वीस व्हायोलिनांचा ताफा डोळ्यांपुढे येतो.

प्रतिसाद

ताई, आधी 'शास्त्रीय' बदला. नुसतं 'शास्त्रीय' वाचलं की मराठी वाचक रागाकडे वळतो आणि पुढच्या वाक्यात बाखसारखा जर्मन संगीतकार भेटला की दचकतो. 'पाश्चात्त्य अभिजात' लिहा. पहिल्यांदा पूर्ण, पुढे नुसतं 'अभिजात' चालेल.

प्रतिसाद

'बसवणं' कसं वाटतं? चाल बसवतात, नाटक बसवतात, गाणं पेटीवर बसवतात. वादकांच्या तोंडचा शब्द आहे. शब्दकोशातून उचलून आणलेला वाटत नाही.

प्रतिसाद

'बसवणं' चांगलाच शब्द आहे, पण त्याचा पहिला अर्थ तालीम करून पक्कं करणं. रचनेत एक सूरही न बदलता ती 'बसवता' येते. ताईंना बदल सांगायचाय. मी बरीच वर्षं इंग्लिश पद्धतीची कॉन्सर्टिना वाजवतो, तेव्हा हातात नेमकं काय घडतं ते सांगतो. शब्द त्यावरून ठरवा.

इंग्लिश कॉन्सर्टिना चार्ल्स व्हीटस्टनची. १८४४ च्या पेटंटमध्ये ती दिसते. नेहमीच्या ४८ बटणांच्या ट्रेबलचा, म्हणजे उंच सुरांच्या कॉन्सर्टिनाचा, सर्वांत खालचा सूर आणि व्हायोलिनच्या खालच्या तारेचा सूर एकच. त्यामुळे शोधाशोध व्हायोलिनच्या वह्यांपासून सुरू करावी. टेलेमान या जर्मन संगीतकाराच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या १२ फँटसिया (मुक्त रचना) बहुतांशी जशाच्या तशा वाजतात. तिथे मी काहीच 'करून घेत' नाही, नुसतं वाजवतो. बासरीचं संगीत तर आरामात मावतं. बाखचे चेलोचे सूट (नृत्यरचनांचे संच) हवे असतील तर सप्तक अधिक पंचम इतकं वर न्यायचं, म्हणजे चेलोची खालची तार बरोबर आपल्या खालच्या सुरावर येते. पहिला सूट जी मेजरमधून डी मेजरमध्ये जातो. याला 'पट्टी बदलणं' हा शब्द आहेच, नवा घडवू नका.

खरी पंचाईत पियानोच्या आणि टँगोच्या वहीत होते. वाचकाला वाटतं, डाव्या हाताला खर्ज आणि उजव्याला चाल. इंग्लिश कॉन्सर्टिनात तसं नाही. स्वरलिपीच्या रेषांवरचे सूर डावीकडे, रेषांमधल्या जागांतले उजवीकडे. एकच चाल दोन हातांत वाटून जाते. अंगठा पट्ट्यात, करंगळी आधारावर, म्हणजे वाजवायला बहुतेकदा दोन्हीकडची मिळून सहा बोटं. त्यात भाता एकच. चाल मोठ्याने आणि साथ हळू असं वेगवेगळं करताच येत नाही. जोर दिला की सगळ्यांवर पडतो. म्हणून साथ विरळ ठेवावी लागते आणि तिचे सूर आखूड तोडावे लागतात. चार सुरांच्या गुच्छातले दोन ठेवायचे. कुठले दोन, हे ठरवण्यातच सगळं कसब आहे. (मी सुरुवातीला चारही ठेवायचो. ऐकणारे सौजन्याने म्हणायचे, 'छान, भरगच्च वाटतं.')

प्रतिसाद

हे वाचून 'बेतणं' सुचलं. अंगाच्या मापाने कापड बेततात.

प्रतिसाद

पण 'जिवावर बेतणं'ही आहे! आणि 'कादंबरीवर बेतलेला चित्रपट' वाचून वाचून 'बेतलेला'चा अर्थ 'आधारित' एवढाच उरलाय. 'कॉन्सर्टिनावर बेतलेला टँगो' म्हणाल तर कॉन्सर्टिनाच्या आयुष्यावरचा टँगो वाटेल.

प्रतिसाद

तो घोळ विभक्तीचा. 'वर' लावू नका, 'साठी' लावा. 'कॉन्सर्टिनासाठी बेतलेला' यात गैरसमज होत नाही.

आणखी एक. टँगोवाले स्वतः या कामाला 'आरेग्लो' म्हणतात. स्पॅनिशमध्ये तयार कपडा आत घेऊन, लांबी कमी करून अंगाला बसवतात, त्यालाही हाच शब्द. म्हणजे शिंप्याची उपमा तिकडेही आहे.

प्रतिसाद

मग नेमकेपणाने पाहा. बेततात ते कोरं कापड. शिवलेला कपडा उसवतात. टँगो आधीच शिवलेला आहे, तोही दुसऱ्याच्या मापाने.

प्रतिसाद (कॉन्सर्टिनावाला)

खरंय, आणि ते माप बँडोनियनचं, म्हणजे टँगोतल्या भात्याच्या वाद्याचं. गंमत म्हणजे तो कॉन्सर्टिनाचाच भाऊबंद. कार्ल उलिगच्या जर्मन कॉन्सर्टिनातून वाढत गेलेला, क्रेफेल्डच्या हाइनरिख बांडच्या नावाने ओळखला जाणारा, पुढे ब्वेनोस आइरेसला पोचलेला. तिथे रुळलेल्या वाद्याला ७१ बटणं, उजवीकडे ३८ आणि डावीकडे ३३. उजव्या हाताचं सगळं माझ्या ट्रेबलमध्ये मावतं. डाव्याचा तळ मात्र माझ्या तळापेक्षा सप्तकाहून अधिक खाली. तो भाग उसवावाच लागतो. चार मात्रांचा ठोका, म्हणजे मार्काटो, खर्जाविना कसा उभा करायचा? दोन सूर, आखूड, भात्याच्या झटक्याने. 'आरास्त्रे', म्हणजे ठोक्याआधी सूर ओढत आणून ठोक्यावर आपटणं, हे मात्र भात्याला फार छान जमतं. आधी दोन-तीन अर्धस्वर चढायचे आणि भाता वाढवत न्यायचा.

तरी माझं मत 'बेतणं'ला. उसवणं-शिवणं हे कृती सांगतं, कारण सांगत नाही. 'बेतणं'च्या पोटात 'बेताचं' आहे. कापड बेताचं असतं म्हणून बेतून घ्यावं लागतं. सहा बोटं, एक भाता, खर्ज नाही, हे सगळं त्या एका शब्दात येतं. 'रूपांतर'मध्ये ही ओढाताण दिसत नाही.

आणि सगळंच बेतावं लागतं असंही टिपणात लिहू नका. १९ व्या शतकात खास या वाद्यासाठी लिहिलेलं अभिजात संगीत आहे. मोलिक या संगीतकाराचा १८५३ चा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासोबत एका वादकाने वाजवायची रचना) जुलियो रेगोंडीसाठी लिहिलेला. रेगोंडी गिटार आणि कॉन्सर्टिना दोन्हींत उस्ताद.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. 'सार्वजनिक अधिकारक्षेत्रातील रचना' असंही लिहिलं होतं. बरोबर आहे ना?

प्रतिसाद

त्यातून सरकारी जमिनीचा वास येतो. 'हक्कमुक्त' लिहा. आणि टँगोच्या बाबतीत सांभाळून. टँगोकार विजोल्दो १९१९ मध्ये गेला, त्याच्या 'एल चोक्लो' या टँगोची जुनी छापील वही निर्धास्त वापरा. दुसरा टँगोकार पियाझोला १९९२ मध्ये गेला, त्याचे हक्क शाबूत आहेत. घरात वाजवायला बेता, बेतलेली वही वाटायची तर परवानगी लागेल.

मूळ प्रश्नकर्ती

वाक्य असं केलंय, बघा: 'टेलेमान जसाच्या तसा वाजवला, बाख पट्टी बदलून घेतला, आणि ला कुम्पार्सिता हा टँगो कॉन्सर्टिनासाठी बेतला.'

प्रतिसाद

'बेतली' हवं ना? नावात स्पॅनिश 'ला' आहे, स्त्रीलिंगी.

प्रतिसाद

मराठीत टँगो पुल्लिंगी. तो टँगो, तो बेतला.

प्रतिसाद

मूळ चाल कूचगीत म्हणून रचली होती, टँगो नंतर झाला. त्या हिशेबाने 'बेतलं'.