फ्रेमच्या आतून जाणारी गिअर केबल बदलायचीय, कशी करू?

पायडलवेडा:
कार्बन फ्रेमची रोडबाइक आहे, केबल डाउनट्यूबमध्ये (हँडलकडून पायडलकडे उतरणारा फ्रेमचा दांडा) शिरते आणि थेट चेनस्टेच्या (पायडलपासून मागच्या चाकाकडे जाणारा दांडा) टोकाला बाहेर निघते. हल्ली मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) मोठ्या चक्रीवर नीट चढतो पण लहानवर उतरताना अडकतो, बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण बदलायचा स्क्रू) फिरवून काही फरक नाही. फ्रेममध्ये आतून नळी नाहीये, नुसती तार आहे. जुनी काढली आणि नवीचं टोक आतच भरकटलं तर? आणि खडबडीत रस्त्यावर आतून खडखड येते त्याचं पण सांगा.

चेनलूब:
जुनी केबल तशीच ओढून काढू नका हो, तीच तुमची वाट आहे! डिरेलरचा बोल्ट सोडा, शेवटचं आउटर (केबलवरचं बाहेरचं कव्हर) काढा, केबलचं विस्कटलेलं टोक साफ कापा आणि मागून बारीक प्लास्टिक लायनर (पातळ नळी) तिच्यावरून सरकवत सरकवत डाउनट्यूबच्या भोकातून बाहेर येईपर्यंत न्या. दोन्ही टोकं टेपने फ्रेमला चिकटवा, मग शिफ्टरच्या (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) बाजूने जुनी ओढा, नवी घाला, लायनर काढून घ्या. बॉटम ब्रॅकेटखाली (पायडलचा आस बसतो तो भाग) झाकण असेल तर आधी उघडा, लायनर बहुतेक तिथल्या गाइडमध्येच (केबल वळवणारी खाच) अडतो.

घाटचढ्या:
लहान चक्रीवर नेणारी फक्त डिरेलरची स्प्रिंग असते, म्हणून केबल कुठे घासली की आधी तीच बाजू सुस्त होते. बॉटम ब्रॅकेटखालचं गाइड बघाच, सगळी घाण तिथे साचते. आउटर पण बदला, निदान डिरेलरजवळचा तुकडा तरी. आणि शिफ्टरमधलं केबलचं डोकं तपासा, तिथे तारा एकेक करून तुटतात, पूर्ण तुटली तर डोकं आत अडकून बसतं आणि काढताना जीव जातो.
एक मात्र कळकळीने सांगतो, गिअरचं ४ मिमी आउटर उरलं म्हणून ब्रेकला लावू नका. त्यातल्या तारा लांबीच्या दिशेने असतात, ब्रेकच्या जोराने ते फुटू शकतं.

पायडलवेडा:
खूप आभार दोघांचे, लायनर मागवतो. खडखडीचं?

चेनलूब:
नुसती तार डाउनट्यूबला आपटत असेल. फोमची नळी मिळते, लायनर काढायच्या आधी डाउनट्यूबच्या भोकातून त्याच्यावरूनच आत सरकवा, नंतर घालणं फार कटकटीचं. फक्त बॉटम ब्रॅकेटच्या गाइडपर्यंत जाऊ देऊ नका, केबल परत जड होईल.