अनुदान मिळतं, पण कुणाच्या खिशात राहतं?

"शेतकऱ्याला सगळं फुकट मिळतं, कर मात्र आम्ही भरायचा," असं शेती अनुदानाबद्दल एकांनी लिहिलंय. तासगाव भागात आमची द्राक्षबाग आहे, म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही.

युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, हे खरं. पण बागेचा मोठा खर्च युरियाचा नसतोच. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने दिवसाआड, कधी दिवसातून दोनदा फवारणी. ट्रॅक्टरला जोडलेलं फवारणी यंत्र, म्हणजे ब्लोअर, चिखलात रुतला की ट्रॅक्टर जागचा हलत नाही, मग पाठीवर पंप घेऊन घरातली सगळी माणसं बागेत. एवढं करूनही कोवळे घड वेलीवरच जिरून गेले किंवा कुजले तर औषध दुकानाची उधारी आणि गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज तसंच अंगावर. पीएम किसानचे वर्षाला 6000 रुपये त्यात कुठे पुरणार?

आणि शेतकरी ग्राहकाला काय देतो, तेही मोजा की. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, भाव कोसळले. शहरात कांदा स्वस्त झाला, त्याचे पैसे उत्पादकाने भरले. ते कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं वीजबिल 2024 पासून माफ आहे. मला विचाराल तर बिल घ्या, पण वीज दिवसा द्या. शिराळा-कराडकडे रात्रपाळीला उसात पाणी पाजायला जायचं म्हणजे बिबट्याच्या वाटेवर बॅटरी घेऊन एकट्याने चालायचं.