शब्दचर्चा : सहभागी की भागीदार?

प्रश्न : आमच्या सेवाभावी संस्थेचा वार्षिक अहवाल मराठीत लिहिते आहे. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या, वेगवेगळ्या चालीरीतींच्या समाजांबरोबर आमचं काम चालतं. 'लाभार्थी' लिहायचं नाही, एवढं ठरलंय. मग 'सहभागी' लिहू की 'भागीदार'? अर्थ एकच ना?

उत्तर १ : एकच नाही. बोलावल्यावर आला तो सहभागी. शिबिरात सहभागी, स्पर्धेत सहभागी. शिबिर कशाचं, कधी, कुठे हे त्याच्या हातात नसतं. 'भागीदार' हा धंद्यातला शब्द. त्यात नफ्यातोट्याचा वाटा आला, हिशेबाची वही उघडून बघायचा हक्क आला, 'हे नको' म्हणायची मुभा आली. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्यात लोकांना माहिती देणं तिसऱ्या पायरीवर आहे, मत विचारणं चौथ्या, आणि भागीदारी थेट सहाव्या.

'लाभार्थी' टाळलंत हे फार चांगलं केलंत. 'तळागाळातले'ही काढा. माणसांना गाळ कशाला म्हणायचं?

'समाजाला विश्वासात घेऊन' कुठे आलं असेल तर तिथेही थांबा. निर्णय झाल्यावर तो गळी उतरवायचा असतो तेव्हाच ही शब्दरचना हमखास वापरली जाते. आदिवासींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीची अट आहे. त्यातलं 'पूर्व' फार मोलाचं, कारण आधी विचारलं तरच नकाराला अर्थ उरतो.

उत्तर २ : वरच्याशी सहमत. एक भर घालतो. 'स्थानिक दुभाष्यांच्या मदतीने' असं लिहिण्याआधी तो दुभाषा कोण होता ते बघा. पुष्कळदा ती घरातलीच शाळकरी मुलगी असते. आईचं दुखणं तिने डॉक्टरांना सांगायचं, डॉक्टरांचं बोलणं आईला. मुलीसमोर आई निम्मं बोलतच नाही, आणि औषध त्या उरलेल्या निम्म्यावर ठरतं. दुभाष्याला कामाचे पैसे द्यावेत आणि मुलांना यातून पूर्ण सोडवावं, असं मला कळकळीने वाटतं.

'त्यांच्या संस्कृतीचा आदर राखून' हेही फार मोघम आहे. काय केलं ते लिहा : 'शिबिराची तारीख आणि जागा वस्तीच्या समितीने ठरवली. दुभाष्यांना संस्थेने मानधन दिलं. खर्चाचा तपशील समितीसमोर मांडला.' हे खरोखर घडलं असेल, तर पुढच्या ओळीत 'भागीदार' बिनदिक्कत लिहा.