शब्दचर्चा : ‘हाफ-टिंबर्ड’ घराला मराठीत काय म्हणावं?

इंग्लंडमधल्या चेशर परगण्यातल्या लिटल मॉर्टन हॉल या जुन्या ‘हाफ-टिंबर्ड’ (भिंतींत लाकडी खांब-तुळया दिसतात अशा) घरावरचा मजकूर मराठीत आणते आहे. ‘अर्धलाकडी’ लिहिलं तर अर्धं घर लाकडाचं नि अर्धं दगडाचं वाटतं. ‘लाकडी चौकटीचं’ म्हटलं की दाराची चौकट डोळ्यांसमोर येते. आणि खालच्या भिंतीबाहेर आलेल्या वरच्या मजल्याला, ‘जेटी’ला, काय म्हणू? आपल्याकडे जेटी म्हणजे धक्का.

—

ताई, ‘अर्धलाकडी’ नकोच. धुराड्यांच्या विटा नि नंतर दिलेले काही टेकू सोडले, तर ते सबंध घर ओकच्या सांगाड्यावर उभं आहे. खांब, तुळया, तिरपे टेकू यांचा सांगाडा आधी उभा राहायचा, मग मधली पोकळी भरायची. तेव्हा ‘लाकडी सांगाड्याचं घर’ म्हणा. वाड्यांबद्दल आपण हेच म्हणतो.

त्या पोकळीतल्या भिंतीला तर आपल्याकडे नेमका शब्द आहे : कूड. तिकडे अशा घरांत ओकच्या खुंट्यांमध्ये हेझल या झुडपाच्या काठ्या विणत आणि त्यावर माती, शेण, पेंढा कालवून लिंपत. आपल्याकडे कारवी विणून शेणमातीनं लिंपतात. माझ्या आजोळी माजघराच्या कुडाचा एक पोपडा निघाला होता. आत कारवीची वीण आणि मातीत कुणाच्या तरी बोटांचे खोल ओरखडे दिसायचे. ‘वॉटल अँड डॉब’ वाचलं की मला तीच भिंत आठवते.

‘बे’ला ‘खण’ लिहा. दोन खांबांमधलं अंतर, आणि घर मोजायचंही त्यावरच. पाच खणी ओटी म्हणतो तसं.

—

‘खण’ एकदम पटला. पण कूड म्हटलं की गरिबाचं घर वाटतं. घराचे मालक मॉर्टन तर बडे जमीनदार होते. वाचकाचा गैरसमज नाही का होणार?

—

होईल, म्हणून शब्द टाकू नका, एक वाक्य जोडा. तिथे कुणब्याच्या झोपडीची भिंत नि जमीनदाराच्या घराची भिंत एकाच रीतीची असे. श्रीमंती दिसायची ती लाकडात. लिटल मॉर्टनच्या दर्शनी भागावर हेरिंगबोन (माशाच्या काट्यांसारख्या तिरप्या) नि चारपाकळी नक्षीत जे तुकडे बसवलेत, त्यातले कितीतरी भार पेलायला नाहीत, नुसते मिरवायला आहेत. आणि काच! काच महाग असतानाच्या त्या काळातही तिथे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली हजारो तावदानं आहेत. अंगणाकडच्या खिडक्यांवर रिचर्ड डेल या सुताराचं नाव कोरलंय, साल १५५९. मालकाच्या नावाबरोबर सुताराचं नाव! मजकुरात हे नसेल तर घालाच.

काळं लाकूड नि पांढरी भिंत या रंगांचं मात्र जपून लिहा. लाकडाला काळा रंग फासायची चाल मुख्यतः १९व्या शतकातली. ओक तसाच सोडला तर रुपेरी करडा होतो.

राहिली जेटी. आपली धक्क्याची जेटी नि ही जेटी एकाच फ्रेंच धातूतून आल्या, अर्थ ‘फेकणे’. एक पाण्यात फेकलेली, दुसरी खालच्या भिंतीबाहेर. ‘सज्जा’ लिहू नका, सज्जात माणूस उघड्यावर उभा राहतो. इथे बाहेर आलेल्या भागावर सबंध खोली आहे. ‘वरचा मजला हातभर पुढे काढलेला’ असं लिहिलंत तर गवंड्यालाही कळेल.

—

‘पुढे काढलेला मजला’ घेतला. कूडही ठेवते.