आठ महिन्यांच्या लेकीला लघवीचं इन्फेक्शन. एमसीयू नाशिकमध्येच करावी की मुंबई गाठावी?

पाथर्डी_फाटा

नमस्कार मंडळी. लेक आठ महिन्यांची आहे. मागच्या महिन्यात तिला सणकून ताप भरला. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. घरात सगळ्यांचं एकमत, दात येताहेत. औषधाने ताप उतरायचा आणि परत चढायचा, अंगावर प्यायलाही मागेना. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी पहिल्या भेटीतच लघवी तपासायला पाठवली. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघतात त्यात, ई. कोलाय हा जंतू निघाला. आधी दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक, मग घरी सिरप. आता बाळ एकदम मजेत आहे, रांगत थेट तुळशीवृंदावनापर्यंत जातं आणि माती खातं.

पण सोनोग्राफीत डाव्या किडनीला सूज आणि मूत्रनलिका थोडी रुंद दिसली. त्यामुळे एमसीयू (नळीने मूत्राशय भरून शू करतानाचे एक्सरे) करायला सांगितलंय, आणि काही महिन्यांनी डीएमएसए स्कॅन (किडनीवर व्रण राहिलाय का ते बघायला). तोवर रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला नळी कशाला घालायची, बरी आहे ना आता. सासरे दिवसातून एकदा तरी डायलिसिसचा विषय काढतात. आमच्या गल्लीतले एक काका डायलिसिसवर आहेत, त्यामुळे त्यांच्या डोक्यातून ते जात नाही.

तर विचारायचं हे की एमसीयू खरंच लागते का? नाशिकमध्ये केली तर चालेल का? आणि हे रोजचं अँटिबायोटिक? डॉक्टरांची नावं इथे उघड नकोत, निरोपातून कळवा.

कॉलेजरोडची_आई

ताई, आमच्या मुलाची एमसीयू तो वर्षाचा व्हायच्या आत झालीय, नाशिकमध्येच. घाबरण्यासारखं नाव आहे, तपासणी तेवढी भयंकर नाही. भूल दिली नव्हती. टेबलावर झोपवून लघवीच्या जागी बारीक नळी घालतात, शेवईहून किंचित जाड असेल. त्यातून मूत्राशयात औषधी पाणी सोडतात, ते एक्सरेत पांढरं दिसतं. पिशवी भरत आली की बाळ आपोआप शू करतं आणि नेमक्या त्या क्षणी फोटो काढतात. शू उलटी वर चढते का, हेच बघायचं असतं. पोरगं नळी घालताना रडलं, शू करताना रडलं, आणि कडेवर घेतल्यावर मिनिटात गप्प. मी त्याच्या डोक्याशी उभी होते, शिशाचा एप्रन घालून. नंतर एक-दोन वेळा शू करताना चुरचुरलं असावं, किंचित लालसर झाली होती. दुसऱ्या दिवसापासून काही नाही.

एक विचारून घ्या: त्या सेंटरवर एवढ्या लहान बाळांच्या एमसीयू नेहमी होतात का? मोठ्यांच्या रोज करणारे आणि तान्ह्या बाळांच्या करणारे यात फरक पडतो. हात सरावलेला हवा. आणि इन्फेक्शन पूर्ण गेल्याशिवाय करत नाहीत, तपासणीच्या सुमाराला अँटिबायोटिकचं कव्हर देतात, तेही आधी ठरवून घ्या.

लॅबवाला_सातपूर

मी लॅबमध्ये काम करतो म्हणून धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो. या ताईंचं झालं ते नीट झालं, पण आमच्याकडे येणारे नमुने बघून डोकं फिरतं.

बाळाला चिकटपिशवी लावून घेतलेली लघवी कल्चरला पाठवू नका. त्या पिशवीत कातडीवरचे आणि शीच्या जागेचे जंतू हमखास येतात. त्यात काही उगवलं नाही तर उत्तम, इन्फेक्शन नाही असं म्हणता येतं. पण उगवलं तर त्याचा अर्थ काहीच लागत नाही, आणि मग त्या रिपोर्टवर बाळाला विनाकारण दाखल करतात. मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत पकडायची, नाहीतर डॉक्टरांनी नळी घालून काढायची. डायपर पिळून तर मुळीच नाही. हो, असेही आणतात.

आता तान्ह्या बाळाची मधली धार पकडायची कशी? आधी जागा साध्या पाण्याने स्वच्छ धुवा. दूध पाजून झाल्यावर डायपर काढून एकाने बाळाला धरायचं, दुसऱ्याने डबी उघडून तयार राहायचं. थंड सलाइनमध्ये भिजवलेला गॉज ओटीपोटावर, बेंबीच्या खाली, गोल गोल फिरवायचा. मेलबर्नमध्ये ३५४ बाळांवर हे करून पाहिलं, २०१७ साली छापून आलं. पाच मिनिटांत ३१ टक्के बाळांनी शू केली, गॉज न फिरवलेल्यांत फक्त १२ टक्क्यांनी. म्हणजे दर वेळी जमेल असं नाही, पण फुकटचा उपाय आहे.

नमुना तासाभरात लॅबला पोचला पाहिजे. सिडकोतून द्वारका चौकापर्यंत संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये डबी खिशात घेऊन फिरलात तर जंतू वाटेतच दुप्पट-चौपट होतात. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अँटिबायोटिकचा पहिला डोस नमुना घेतल्यावर. आधीचं उरलेलं सिरप पाजून मग नमुना आणला की कल्चर कोरं येतं आणि पुढे कोणालाच काही कळत नाही.

आजी_पंचवटी

बाळा, आमच्या वेळी उन्हाळी लागली की धण्याचं पाणी, सब्जाचं पाणी द्यायचो. दोन दिवसांत बरं. इतक्या तपासण्या नव्हत्या. बाकी काळजी घे, रामकुंडावरच्या देवीला नवस बोललेली आहेस का?

कॉलेजरोडची_आई

आजी, मोठ्यांना उन्हात फिरून होणारी जळजळ वेगळी हो. इथे जंतू किडनीपर्यंत गेलेत आणि बाळ जेमतेम आठ महिन्यांचं. नवसाला ना नाही, तो औषधाच्या जोडीने चालू द्या :)

बालरोग_नाशिकरोड

मी बालरोगतज्ज्ञ आहे. बाळ न बघता उपचार सांगणार नाही, पण सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल.

वेळेवर उपचार झालेल्या एका इन्फेक्शनने किडनी निकामी होत नाही. भीती असते ती व्रण राहण्याची. ताप सुरू होऊन दोन-तीन दिवस उपचार लांबले की व्रणाची शक्यता वाढते. म्हणून दोन वर्षांखालच्या मुलाला कारण न सापडणारा ताप असला की लघवी तपासायची. दात आल्याने १०३ ताप येत नाही, हे मी दवाखान्यात रोज सांगतो. तान्ही बाळं जळजळ होतेय असं सांगत नाहीत. त्यांचं इन्फेक्शन ताप, उलटी, किरकिर, दूध न पिणं, एवढ्यातच दिसतं. तीन महिन्यांखालचं बाळ असेल तर घरी वाट बघूच नका.

लघवी उलटी का चढते ते असं. मूत्रनलिका मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते. मूत्राशय भरला की ती तिरकी वाट दाबली जाते आणि झडपेसारखी बंद होते. काही बाळांत हा भिंतीतला तुकडा आखूड असतो, त्यामुळे वाट पुरती बंद होत नाही. एमसीयूत याच्या १ ते ५ श्रेणी लावतात. मूल वाढतं तसा तो तुकडाही लांब होतो, म्हणून खालच्या श्रेणींतल्या बहुतेक मुलांचं आपोआप बरं होतं. ५ व्या श्रेणीचं दोन्ही बाजूंनी असेल तर गोष्ट वेगळी.

पहिल्या इन्फेक्शननंतर सगळ्यांची एमसीयू करतात असं नाही. सोनोग्राफी करतात. त्यात काही दिसलं, वेगळाच जंतू निघाला, किंवा पुन्हा इन्फेक्शन झालं, तर एमसीयू. या ताईंच्या बाळाच्या सोनोग्राफीत दिसलंय, म्हणून सांगितलेलं योग्यच वाटतं. डीएमएसए चार ते सहा महिन्यांनी, कारण लगेच केला तर ताजी सूज आणि कायमचा व्रण यात फरक कळत नाही. त्यात शिरेत औषध देऊन दोन-तीन तासांनी फोटो घेतात, तेव्हा दिवसभराच्या तयारीने जा.

व्रण निघाला तरी जग बुडत नाही. दुसरी किडनी निरोगी असेल तर आयुष्य नीट जातं. फक्त वर्षातून एकदा बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि वाढ बघत राहायचं. बीपी मोजताना लहान मुलांचा पट्टा मागा, मोठ्यांच्या पट्ट्याने आकडा खोटा येतो.

मुलगा असेल आणि शूची धार बारीक, थेंब-थेंब पडत असेल तर मात्र त्याच आठवड्यात दाखवा. मूत्रमार्गात जन्मजात पडदा असू शकतो. मुलांच्या शिश्नाची कातडी ओढून मागे करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

इंदिरानगर_बाबा

डॉक्टर, एक शंका. रोजचं अँटिबायोटिक खरंच हवं का? अमेरिकेत ६०७ मुलांवर अभ्यास झाला, २०१४ मध्ये आला. रोज औषध घेणाऱ्यांत पुन्हा इन्फेक्शन होणं निम्म्यावर आलं, पण किडनीवरचे व्रण घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही गटांत सारखेच. आणि औषध घेणाऱ्यांना पुढे इन्फेक्शन झालं तेव्हा जंतू दाद न देणारे जास्त निघाले.

बालरोग_नाशिकरोड

बरोबर वाचलंत. म्हणूनच सरसकट देत नाहीत. ३ आणि वरच्या श्रेणीत देण्याकडे कल असतो, १-२ ला बहुतेकदा गरज नसते. म्हणजे एमसीयू केली तरच हे ठरतं. सासूबाईंना हेच सांगा: नळी घालायची नसेल तर औषध अंदाजाने चालू ठेवावं लागेल.

मेनरोडकर

मुंबईबद्दल. लहान मुलांचे किडनीतज्ज्ञ हवे असतील तर परळचं वाडिया हॉस्पिटल फक्त मुलांचंच आहे, तिथे तो विभाग आहे. पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलं की परळ जवळ. पण माझं मत, एमसीयू इथे करा आणि सल्ला घ्यायला एकदा मुंबईला जा. एमसीयूच्या फिल्म मागून घ्या, नुसत्या रिपोर्टवर मोठे डॉक्टर समाधानी नसतात. सोनोग्राफी, कल्चरचा कागद, कोणतं औषध किती दिवस दिलं, सगळं एका फायलीत. खर्चाचं अडत असेल तर राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. दाखल न होता केलेल्या तपासण्या योजनेत बसतातच असं नाही, आधी विचारा.

पाथर्डी_फाटा

मंडळी, अपडेट. एमसीयू झाली, इथेच. डाव्या बाजूला श्रेणी ३, उजवी बाजू कोरी. लेक कॉलेजरोडच्या ताईंनी लिहिलं तशीच रडली आणि तशीच गप्प झाली. सासरे बाहेर बाकावर बसून होते, रिपोर्ट ऐकल्यावर त्यांनी आधी विचारलं की उजवी ठीक ना. रात्रीचा सेफॅलेक्सिनचा डोस चालू राहील, डीएमएसए दिवाळीनंतर. मुंबईच्या डॉक्टरांचं नाव मेनरोडकरांनी निरोपात दिलंय, फाइल तयार केलीय.

आता एक बारीक शंका. सिरप पावडरचं आहे, पाणी घालून करायचं. फ्रिजमध्ये ठेवते. आमच्याकडे परवा वीज रात्रभर नव्हती. टाकून द्यायचं का?

लॅबवाला_सातपूर

फ्रिजचं दार बंद ठेवलं असेल तर एका रात्रीत सहसा बिघडत नाही, पण मनात शंका असेल तर केमिस्टला बाटली दाखवा. पाणी उकळून गार केलेलं, खुणेपर्यंतच घाला, जास्त घातलं की डोस पातळ होतो. केल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहा. लेबलवर जेवढे दिवस दिलेत तेवढ्यातच वापरायचं, उरलं तर ओतून नवी बाटली. आणि दर वेळी आधी गदगदा हलवा, औषध तळाला बसतं.