मदत हवी आहे: सायॉन सिरीज ५ मध्ये आतच चार्जिंग सर्किट बसवायचं आहे, निकेल सेल ठेवू की लिथियम?

नमस्कार मंडळी,

बाबांचा १९९७ सालचा सायॉन सिरीज ५ हा हातात मावणारा छोटा संगणक मी अजून रोज वापरतो. त्याच्या कीबोर्डवर दोन्ही हातांनी नीट टाइप करता येतं, त्यामुळे कात्रज ते शिवाजीनगर बसमध्ये मांडीवर ठेवून माझं बरंचसं लिखाण होतं.

तो दोन पेन्सिल सेलवर चालतो. मी २००० एमएएचचे (मिलिअँपिअर-तासांचे) पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल वापरतो, पण चार्जिंगला ते दर वेळी बाहेर काढावे लागतात. मूळचा ६ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर फक्त मशीन चालवतो, सेल चार्ज करत नाही. आणि सगळा मजकूर रॅममध्ये. सेल काढले की रॅम सांभाळायला एकटा सीआर२०३२ बटण सेल उरतो. गेल्या महिन्यात तो संपलेला होता. पेन्सिल सेल बदलून झाकण लावलं, उघडून पाहतो तर मशीन कोरं. तीन आठवड्यांचं लिखाण गेलं. आता सेल बाहेर काढायचेच नाहीत, यूएसबी-सीवर आतच चार्ज करायचे, असं ठरवलंय.

आधी लिथियमच्या वाटेने गेलो. १४५०० हा लिथियम सेल पेन्सिल सेलच्याच मापाचा, म्हणजे एका खाचेत सेल आणि दुसऱ्या खाचेत सर्किट. पुण्याच्या तपकीर गल्लीतून टीपी४०५६ या लिथियम चार्जिंग चिपचं तयार मोड्यूल आणलं, तर ते १७ मिमी रुंद निघालं; खाचेत जेमतेम १४ मिमीची वस्तू मावते. ते ठीक, १२ मिमी रुंदीची सर्किटची पट्टी करून घेईन. चार्जिंगचा करंट ठरवणारा मोड्यूलवरचा १.२ के (किलोओहम) रेझिस्टर १ अँपिअर देतो, ८०० एमएएचच्या सेलला ते फार होतं, म्हणून ३ के लावून ४०० मिलिअँपिअरवर आणेन. खरी अडचण पुढे आहे. लिथियम सेलचा व्होल्टेज मशीनला जास्त होतो, म्हणून मध्ये रेग्युलेटर हवा; त्याने पक्के ३ व्होल्ट दिले, की मशीनला सेल शेवटपर्यंत भरलेलाच दिसणार. बॅटरी कमी झाल्याचा इशारा येणार नाही, एका क्षणी सेलला फार उतरू न देणारं प्रोटेक्शन सर्किट पुरवठा तोडेल, आणि भिस्त पुन्हा त्या बटण सेलवर. ज्याला घाबरून हे सगळं चाललंय तेच.

निकेल सेलचा व्होल्टेज हळूहळू उतरतो, त्यामुळे इशारा वेळेवर येतो. चार्ज होतानाही दोन्ही मिळून ३ व्होल्टच्या आसपासच जातात, मशीनला धोका नाही. माझा कल इकडेच आहे. पण सेल भरला हे ओळखायचं ते व्होल्टेज किंचित, सेलमागे ५ ते १० मिलिव्होल्ट, खाली येण्यावरून. चार्जिंग चालू असताना मी बॅकलाइट लावला तरी तेवढा व्होल्टेज सहज पडेल आणि चार्जर अर्ध्यातच थांबेल. सेल भरताना तापतो त्यावरूनही ओळखता येतं, पण त्यासाठी करंट बऱ्यापैकी लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये बंद प्लास्टिकच्या डबीत मला तेवढी उष्णता नको आहे.

म्हणून विचारतो:

२०० मिलिअँपिअरने १४-१५ तास आणि वर टायमर, एवढंच ठेवलं तर रोजच्या वापरात सेल लवकर खराब होतील का? अर्धवट वापरलेल्या सेलला टायमर पूर्ण १५ तास देणार, हे मला खटकतंय.

यूएसबीचे ५ व्होल्ट बूस्ट कन्व्हर्टरने वाढवून ६ व्होल्ट आतूनच अ‍ॅडॅप्टरच्या सॉकेटला दिले, तर मशीन त्यावर चालेल आणि सेलवर फक्त चार्जरच राहील. असं कोणी करून पाहिलंय का? बूस्ट कन्व्हर्टरच्या इलेक्ट्रिकल नॉइजमुळे टचस्क्रीनवर परिणाम होतो का?

लिथियमवाल्यांनी इशाऱ्याचा प्रश्न कसा सोडवला? सेल उतरेल तसा रेग्युलेटरचा आउटपुटही खाली आणणारं काही साधं सर्किट आहे का?

केस कापायची नाही, एवढी एकच अट. बाबांनी झाकणाच्या आत बारीक अक्षरात स्वतःचं नाव कोरलंय, ते जसंच्या तसं राहिलं पाहिजे.