तिमाहीचं उद्दिष्ट आणि तीन महिन्यांची साखर: आम्ही मोजायचं तरी काय?

पर्वरीची_बाय:
आमची कंपनी नऊ माणसांची. मधुमेहाच्या रुग्णांना गोळ्यांची आणि तपासणीची आठवण व्हॉट्सअॅपवर पाठवायची, साखरेचे आकडे डॉक्टरांच्या स्क्रीनवर दाखवायचे, एवढाच धंदा. गोव्यात म्हापसा, डिचोली, साखळी, वाळपई मिळून ३१ दवाखाने. मी आले होते हिशेब बघायला. आता जे काम कुणाचंच नाही ते माझं.

जानेवारीत पैसे लावणाऱ्यांनी ओकेआर लावायला सांगितलं. तिमाहीला एक उद्दिष्ट, त्याखाली मोजता येतील असे तीन-चार निकाल. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्हने सुरू केलं, १९९९ मध्ये जॉन डोअरने गूगलला दाखवलं, वगैरे इतिहासही ऐकला. आम्ही लिहून टाकलं: नवे रुग्ण ६००, दवाखाने ४०, रुग्णांच्या एचबीए१सीची, म्हणजे मागच्या काही महिन्यांची साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीची, सरासरी अर्ध्या टक्क्याने खाली.

मार्चअखेर नवे रुग्ण ७१२. केक कापला. पुढच्या तीन महिन्यांत चार दवाखान्यांनी वर्गणीच भरली नाही. त्यातल्या एकात डिचोलीला गेले, तर कंपाउंडर म्हणाला, "बाय, तुमचो भुरगो येता, रांगेंतल्या मनशांचे मोबायल घेता, नांवां घालता आनी वता. मागीर ते म्हाका विचारतात, हे मॅसेज कसले?" आमच्या पोरांना इन्सेंटिव्ह नावामागे मिळत होता, मग ती दुसरं काय करणार? ती अट माझ्याच शीटमध्ये होती.

एचबीए१सी तर हातालाच लागत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी नाव घातलेल्या माणसाचा मार्चअखेर कुठला आकडा दाखवू? आणि आता जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीत चतुर्थी. नेवऱ्या खाऊन झाल्यावर कोण तपासायला येतो!

आमचे साहेब म्हणतात, ओकेआर सोडा, बॅलन्स्ड स्कोअरकार्ड घेऊ. एवढ्याशा कंपनीत कुणी वापरलंय का?

जुना_हिशेबनीस, फोंडा:
औषधांच्या कारखान्यात दहा वर्षं स्कोअरकार्ड भरलंय, म्हणून सांगतो, घेऊ नका. कॅप्लान आणि नॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडलं ते नुसता नफा बघणाऱ्या मोठ्या कंपन्यांसाठी. पैसा, ग्राहक, आतलं काम, शिकणं-वाढणं असे चार रकाने. नऊ माणसांत ते भरायलाच एक माणूस लागेल, आणि ते माणूस तुम्ही असाल.

त्यातली एक गोष्ट मात्र उचला. ते रकाने शेजारी शेजारी ठेवायचे नसतात, एकाने दुसरा ओढायचा असतो. माणसं शिकली की काम सुधारतं, काम सुधारलं की ग्राहक टिकतो, ग्राहक टिकला की पैसा येतो. तुमची ही साखळी एका कागदावर काढा. कुठे तुटते ते त्या कंपाउंडरने कोंकणीत सांगूनच टाकलंय. तो तुमच्या शीटमध्ये कुठेच नाही.

सत्तरीतला_डॉक्टर:
ताई, ते अर्ध्या टक्क्याचं उद्दिष्ट आधी फाडून टाका. तांबडी पेशी जगते सुमारे १२० दिवस, म्हणून एचबीए१सी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगतं. तुमची तिमाही संपते तेव्हा त्यातल्या निम्म्या लोकांच्या रक्तात तुमच्या आधीचाच काळ भरलेला असतो. ज्या महिन्यात नाव घातलं त्या महिन्याचा गट धरा आणि प्रत्येक गटाचा हिशेब त्याच्या त्याच्या तीन-चार महिन्यांनी करा.

आणखी एक फसगत. माणूस तुमच्याकडे येतो कधी? साखर ३०० निघाली, घाबरला, तेव्हा. तो पुढच्या खेपेला तुमच्या मेसेजशिवायही थोडा खाली येतोच. तेवढ्यावर 'आमच्यामुळे साखर उतरली' असं स्लाइडवर लिहू नका, कुणीतरी विचारील.

मला काय हवंय सांगू? सोमवारी सकाळी एक कागद. तीन महिन्यांत न फिरकलेल्यांची नावं, गावासकट. ओपीडी भरलेली असताना तुमचा रंगीत डॅशबोर्ड मी उघडत नाही. फोन कंपाउंडर करतो, त्याला यादी लागते.

पणजीचो_कोडर:
दोघांचं पटलं. एकच विचारतो: इन्सुलिनचा डोस सुचवणारं फीचर पुढच्या तिमाहीच्या यादीत आहे का? असेल तर थांबा. १ एप्रिल २०२० पासून उपचारासाठीचं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या कायद्यात धरलं जातं. आठवण पाठवणं वेगळं, डोस सांगणं वेगळं. लायसन्सच्या कागदांत नऊपैकी तीन जण अडकले तर दवाखान्यात जाणार कोण?

पर्वरीची_बाय:
कोडर बाब, होतं यादीत! साहेबांच्या फार आवडीचं. दीड तास वाद झाला. या वर्षापुरतं काढलं.

बाकी दोन गोष्टी केल्या. इन्सेंटिव्ह आता नाव घातल्यावर नाही, त्या माणसाची ९० दिवसांत दुसरी तपासणी झाली तरच. एक पोरगा रुसलाय, त्याचं बरोबरही आहे, वाळपईला बस बदलत जायचं आणि पैसे तीन महिन्यांनी. म्हणून प्रवासखर्च लगेच द्यायचं ठरवलं. दुसरं, पाच दवाखान्यांत डॉक्टरांनी सांगितला तसला कागद छापून ठेवला. डिचोलीच्या कंपाउंडरने पहिल्या दिवशी त्यावर चहाचा ग्लास ठेवला. दुसऱ्या सोमवारी बघितलं तर ग्लासाच्या डागाभोवती अकरा नावांवर पेनाने खुणा होत्या.

मग तोच नियम लावून मार्चचे ७१२ पुन्हा मोजले. दुसरी तपासणी झालेले १८८ निघाले. शुक्रवारी पैसेवाल्यांची मीटिंग आहे. साहेब म्हणतात दोन्ही आकडे दाखवू, ७१२ मोठ्या अक्षरात. स्लाइड मी करतेय.